फादर एथेलबर्ट ब्लॅटर, ये. सं.

पिंगुळी हे गाव खाडीकाठचे नव्हे. तथापि कुडाळ मागे टाकून वालावलच्या बाजूस उतरले, की कर्ली नदीचे पाणी भरती-ओहोटीस वश झालेले दिसते आणि दोन्ही काठांस चिखलात उभे राहिलेले कांदळ, तिवर व चिप्पी यांचे रान दृष्टीस पडते. त्या रानातील कालवे आमच्यापैकी कित्येकांनी खाल्ली असतील व तेथील वाळके लाकूड चुलीस लावले असेल. परंतु जेथे दुसरे कोणतेही झाड आठ दिवस तग धरणार नाही, तेथे हे झाड जगते तरी कसे, हा प्रश्न फारच थोड्यांस पडला असेल. ज्यांस तो पडला आणि ज्यांनी त्याचा शास्त्रीय रीतीने विचार केला, त्या येशूसंघीय धर्मगुरूंचे चरित्र ज्युबिलीच्या या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते येशूसंघात दाखल झाले व १९०३ साली मुंबईस आले. मुंबईचे मिशन त्या काळी संघाच्या जर्मन प्रांताकडे होते, आणि १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेवियर्स कॉलेज हे त्या मिशनचे भूषण होते. तेथे ब्लॅटर वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्यांची गुरुदीक्षा अद्याप व्हावयाची होती. ज्या देशास समुद्रच नाही, अशा देशातून आलेल्या या तरुणाने अभ्यासासाठी प्रथम जे विषय हाती घेतले, त्यांत खारे पाणी आणि चिखल यांत वाढणारी कांदळवने असावीत, याचे आम्हास फार कौतुक वाटते. मुंबई इलाख्यातील कांदळवन व त्याची जीवनपद्धती या विषयावरील त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ साली छापून आला. म्हणजे मुंबईस पाऊल ठेवून त्यांस तेव्हा उणीपुरी दोनच वर्षे झाली होती.

या वृक्षांपुढील अडचण वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. झाड पाण्यात उभे असूनही ते तहानलेले असते. कारण मिठाचे पाणी मुळांनी ओढून घेणे हे गोडे पाणी ओढण्याइतके सोपे नाही. म्हणून कांदळाचे पान जाड, गुळगुळीत व मेणचट असते, जेणेकरून मिळविलेले पाणी उन्हाने उडून जाऊ नये. कांदळाची मुळे पाणी घेतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवितात. तिवराची तऱ्हा निराळी आहे. शिरलेले मीठ तो पानांतील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकतो, आणि कोरड्या दिवशी त्या पानास जीभ लाविल्यास कोणासही याची प्रचीती येईल.

दुसरी अडचण श्वासाची. खाडीच्या काळ्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, आणि मुळांस तर हवा पाहिजे. सबब तिवराची मुळे खाली न जाता बोटांसारखी वर निघतात. चिप्पीची अशीच, परंतु अधिक जाड व निमुळती असतात. त्यांजवर बारीक छिद्रे असून आतील भाग स्पंजासारखा पोकळ असतो. भरतीच्या वेळी मूळ बुडाले, म्हणजे आतील प्राणवायू खर्च होत जाऊन आतला दाब उतरतो. ओहोटीने मूळ उघडे पडताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. ही क्रिया मोजून दाखविण्याचे काम ब्लॅटर यांच्या पश्चात, १९५५ साली, शोलँडर प्रभृती शास्त्रज्ञांनी केले. यावरून एक व्यवहारातील गोष्ट उघड होते. बांध घालून भरती-ओहोटी अडविली आणि आत पाणी तुंबले, तर कुऱ्हाड न लावताही तिवराचे रान गुदमरून मरते.

सर्वांत नवल मात्र कांदळाच्या बीजाचे. साधे बी त्या चिखलात पडले, तर पुढच्या भरतीबरोबर वाहून जावयाचे किंवा कुजावयाचे. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, फळातून बाहेर पडते आणि हातभर लांबीच्या हिरव्या शेंगेसारखे लोंबू लागते. लोक त्यास शेंग समजतात. वस्तुतः ते आईच्या अंगावर वाढलेले रोप होय. ते सुटून ओहोटीच्या चिखलात रुतले तर थोड्याच दिवसांत मुळे धरते. न रुतल्यास तरंगत दुसऱ्या काठास जाते. आणि मौज अशी, की या रानातील कित्येक झाडे गोड्या पाण्यावरही वाढविता येतात. त्यांस मिठाची आवड आहे असे नव्हे, तर जेथे इतरांस जगता येत नाही तेथे ती जगू शकतात, एवढाच याचा अर्थ.

पुढे ईश्वरशास्त्राच्या अध्ययनासाठी ते युरोपास गेले व गुरुदीक्षा घेऊन परतले. १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने मुंबईच्या मिशनवर मोठे संकट आणिले. जर्मन येशूसंघीयांस प्रथम नजरकैद झाली व नंतर देश सोडावा लागला. शाळा-कॉलेजे चालविणारे हातच नाहीसे झाले. स्विस असल्यामुळे फादर ब्लॅटर यांस ही आज्ञा लागू झाली नाही, आणि जे थोडे उरले त्यांच्या खांद्यांवर सारा भार आला. १९१९ ते १९२४ या काळात ते कॉलेजचे प्रिन्सिपल होते. अशा ओढाताणीच्या वर्षांत एखाद्याने संशोधन बाजूस ठेविले असते, तर त्यास कोण दोष देता? परंतु याच सुमारास, १९१८ पासून, प्रा. हॉलबर्ग यांच्यासह त्यांनी जोधपूर व जैसलमेरच्या वाळवंटातील वनस्पतींवर लेखमाला प्रसिद्ध केली. कांदळ आणि वाळवंटातील केर ही दोन झाडे शेजारी ठेवून पाहावी. केरास पाने जवळजवळ नसतात. हिरव्या फांद्याच पानांचे काम करितात. एक पाण्यात, एक वाळूत. तहान मात्र एकच, आणि दोघांनी तिजवर शोधिलेले उपाय भिन्न.

१९२२ साली प्रा. द'आल्मेडा यांच्यासह नेचांवर, १९२६ साली हिंदुस्थान व सिंहलद्वीपातील ताडवर्गावर आणि त्यानंतर लवकरच काश्मीरच्या फुलांवर त्यांचे ग्रंथ निघाले. ताडवर्ग हा तर आम्हा कोकणवासीयांच्या घरचाच विषय. माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा वर्षानुवर्षे तशाच का राहतात? इतर वृक्षांप्रमाणे माडाच्या खोडास सालीखाली नवे लाकूड घालणारा थर नसतो. म्हणून ते जाडीने वाढत नाही व जखम भरून काढीत नाही. भेर्ल्या माडास प्रथम शेंड्याशी फुलोरा येतो, मग खाली खाली येत जातो, आणि तो संपला की झाडही संपते.

चार्ल्स मॅकॅन यांच्यासह इलाख्यातील समग्र वनस्पतींची फेरतपासणी त्यांनी १९२६ पासून चालविली होती. इतक्या विस्तृत कामात चुका राहणारच. पुढे फादर सांतापाव यांनी कित्येक ठिकाणी दुरुस्त्या केल्या, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ब्रुल स्मृतिपदक प्रथमच द्यावयाचे ठरविले, तेव्हा ते फादर ब्लॅटर यांस दिले. २६ मे १९३४ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे छप्पन्न. मुंबईच्या गवतांवरील त्यांचा व मॅकॅन यांचा ग्रंथ १९३५ साली बाहेर पडला. तो पाहण्यास ते नव्हते.

२०२० साली महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. सेंट झेवियर्स कॉलेजातील वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो. आमच्या तरुणांपैकी कोणी मुंबईस शिकावयास गेल्यास त्याने तो अवश्य पाहावा.