डॉ. कमल रणदिवे : पेशींची अभ्यासक

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करणाऱ्या एक मोठ्या शास्त्रज्ञ होत्या. त्या होत्या कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. पण कमलताईंनी वनस्पती व प्राणी यांचाच अभ्यास निवडला. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली. १९३९ मध्ये लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. नंतर अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र त्या शिकल्या. तिथेच न राहता परत आल्या आणि मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

उंदरांवर संशोधन करताना स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी फार लवकर ओळखला. हा संबंध कसा असतो बरं?

पेशीतला डीएनए रोज बिघडत असतो. कधी उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, तर कधी नक्कल करताना झालेल्या चुकीमुळे. डीएनएला दोन धागे असतात. एका धाग्यावर बिघाड झाला, की विकरे तो तुकडा कापून काढतात आणि समोरचा धागा पाहून नवा भाग भरतात. दोन्ही धागे तुटले, तर काम अवघड होतं. ही दुरुस्ती करायला मदत करणारं एक जनुक आहे, बीआरसीए-१. ते १९९४ मध्ये सापडलं. आईवडिलांकडून हे जनुक सदोष आलं, तर चुका साचत जातात. यांनाच उत्परिवर्तने म्हणतात. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे कमलताईंनी पाहिलेल्या संबंधाचं एक कारण कळायला पुढे कित्येक वर्षे लागली!

१९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

डीएनए घडवायला लागणारं फोलेट पालेभाज्यांतून मिळतं. पेशीची दुरुस्ती अशी ताटापासूनच सुरू होते. म्हणून प्रयोगशाळेतलं काम आणि अकोल्यातल्या मुलांचं ताट, दोन्ही एकाच अभ्यासाचे भाग आहेत, हे लक्षात ठेवा.