दुष्काळात पोरं सुधारली आणि गव्हाचं गुपित फुटलं : डॉ. विलेम डिके यांची गोष्ट

लहान मुलाला जुलाब लागले की जळगावात घरची मोठी माणसं सांगतात, केळं द्या. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास हेच सांगत होते, पण एका जीवघेण्या आजारासाठी.

त्या आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे, वाढ खुंटलेली. कित्येक मुलं दगावायची. हास यांनी भरपूर केळी दिली, ब्रेड आणि धान्यं बंद केली. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळालं. पण ताटात काय आलं यापेक्षा ताटातून काय गेलं हे महत्त्वाचं होतं. ते शोधलं विलेम डिके यांनी.

डिके यांचा जन्म १९०५ चा, नेदरलँड्समधला. लायडनला डॉक्टरकी शिकून ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि १९३६ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, द हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख. त्या काळात एका आईनं त्यांना सांगितलं की, ब्रेड बंद केला की तिच्या आजारी लेकराच्या अंगावरचं पुरळ जातं. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. डिके यांनी गहू बंद करून बघायला सुरुवात केली आणि १९४१ मध्ये त्यावर लिहिलंही.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, हजारो माणसं मेली. पण ब्रेड मिळेनासा झाला तशी सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली. युद्ध संपून ब्रेड परत आला, आणि आजारही परत आला. डिके यांचा संशय पक्का झाला.

नुसत्या संशयावर ते थांबले नाहीत. सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुलांच्या शौचातली चरबी मोजली. गहू दिला की ती वाढायची, तांदूळ दिला की नाही. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी यावर प्रबंध दिला. दोषी होतं गव्हातलं ग्लुटेन. १९६२ मध्ये डिके गेले, तेव्हा ते साठीचेही नव्हते.

आता दातांचं. मुलाचा पक्का दात आलाच नाही, तर गहू कारण असेल का?

दात मुळातच नसणं हे बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. अक्कलदाढ सोडली तर पक्क्या दातांचे अंकुर जन्माआधी किंवा पहिल्या वर्षाच्या आसपास धरतात. नंतरच्या खाण्यानं ते नाहीसे होत नाहीत. सीलिअ‍ॅकमध्ये मात्र दात उशिरा येऊ शकतात आणि दातांवरचं कवच बिघडू शकतं : दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर डाग, खड्डे किंवा रेघा. दात उशिरा येतोय की नाहीच, हे जबड्याच्या एक्स-रेत कळतं.

दातांवर अशा खुणा, सोबत जुनं पोटाचं दुखणं, रक्त कमी, वाढ कमी असं असेल, तर डॉक्टरांना सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. तपासणीआधी मनानं पोळी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही तपासणीत तो दिसणार नाही.

निदान झालंच, तर गहू आयुष्यभर बंद. पण खान्देशातल्या घराला हे तितकं अवघड नाही. ज्वारी, बाजरी, कळण्याची भाकरी, या कशातच ग्लुटेन नाही. फक्त गिरणीकडे लक्ष ठेवा. आधी गहू दळलेल्या जात्यात ज्वारी टाकली, तर गव्हाचं पीठ त्यात येतंच. अशा मुलाचं दळण घरी किंवा वेगळ्या जात्यावर करा.

आणि केळं? ते खुशाल द्या. फक्त औषध म्हणून त्यावर विसंबू नका.