ठिणगीशिवाय चालणारे इंजिन

ट्रकच्या गॅरेजसमोर तुम्ही कधी उभे राहिला आहात का? एखादा ट्रक काळा धूर सोडत येतो. चढावर त्याचा दम लागतो आणि तेलही तो जास्त पितो. ड्रायव्हरला वाटते, पंप बिघडला असेल. पण अनुभवी उस्ताद पंपाला हात लावत नाही. तो आधी इंजिनाकडे हवा नेणारी नळी सोडवतो आणि आत बोट फिरवतो. बोट काळेकुट्ट होऊन बाहेर येते. इंजिनाला पोटभर हवाच मिळत नाही, हे त्याला तेवढ्यावरून कळते.

या इंजिनाला आपण डिझेल इंजिन म्हणतो आणि त्यात जळणाऱ्या तेलालाही डिझेलच म्हणतो. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातले. वडील पुस्तके बांधत आणि चामड्याच्या वस्तू तयार करत. कमाई बेताचीच होती. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम छोटा रुडॉल्फ करत असे. घराजवळच यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. वेळ मिळाला की तो तेथे जाई आणि जुन्या यंत्रांसमोर बसून त्यांची चित्रे काढी.

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण तेथे पोट भरणे अवघड झाले. शेवटी आईने बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग या जर्मन गावी नातेवाइकांकडे पाठवले. त्या घरचे काका गणिताचे शिक्षक होते. मुलगा एकटा, गाव परके. पण अभ्यासात त्याने असे मन घातले, की शाळेत तो पहिला आला. चौदाव्या वर्षीच त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले, की आपण इंजिनियर होणार. वडिलांची इच्छा होती, की त्याने लवकर कमाईला लागावे. मुलाने शिष्यवृत्ती मिळवली आणि म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत नाव घातले.

तेथे कार्ल फोन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक होते. बर्फ तयार करणारी यंत्रे बनवून लिंडे यांनी मोठे नाव मिळवले होते. उष्णतेचे शास्त्र शिकवताना ते सांगत, की वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जाते. जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. ही गोष्ट तरुण डिझेल यांच्या मनाला लागून राहिली. १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात पॅरिसला नोकरीस लागले. नोकरी चांगली होती. लग्न झाले, तीन मुले झाली. पण दिवसा बर्फ तयार करणारा हा माणूस रात्री आगीचा विचार करत असे.

तो विचार काय होता, ते समजण्यासाठी सायकलचा पंप आठवा. जोराने हवा भरली, की पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा दाबली की ती तापते. डिझेल यांनी ठरवले, की हवा इतकी दाबायची, की तिच्यावर तेल पडताच ते आपोआप पेटले पाहिजे. मग ठिणगीची गरजच उरत नाही. डिझेल इंजिनात हवा आधी एकटीच आत येते. दट्ट्या ती दाबतो आणि तिची उष्णता पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. त्याच क्षणी तेलाचा फवारा आत सोडला जातो. सगळी किमया त्या कोंडलेल्या हवेची.

फेब्रुवारी १८९२ मध्ये डिझेल यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर पुस्तकही छापले. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने जागा व माणसे दिली आणि क्रुप या बड्या कंपनीने पैसा दिला. कागदावर सगळे सोपे दिसत होते. कागदावर हवा कोठून गळत नाही!

खरी परीक्षा १८९३ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. पहिले इंजिन माणसापेक्षा उंच होते आणि ते बाहेरून पट्ट्याने फिरवावे लागे. दट्ट्या वर जाई, पण हवेचा दाब ठरल्याप्रमाणे चढत नसे. कोठे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, कोठे जोडातून हवा निसटत होती, कोठे दट्ट्याच्या कडेने वाट काढत होती. एक फट बुजवावी, तर दुसरी सापडे. १० ऑगस्ट १८९३ रोजी सिलिंडरमध्ये तेल सोडताच मोठा धमाका झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटले. त्याचे तुकडे जवळच्या माणसांच्या अंगावरून गेले. आपण असतो तर पळालो असतो. डिझेल यांना मात्र आनंद झाला, कारण ठिणगीशिवाय तेल पेटते हे सिद्ध झाले होते.

पण पेटणे वेगळे आणि चालणे वेगळे. त्यांनी इंजिन उघडले, बदलले, पुन्हा जोडले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, आता इंजिनच पट्ट्याला ओढू लागले. तेथे उभ्या असलेल्या एका कामगाराने न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. धूर काळा येई आणि काजळी साठे. इमानुएल लाउस्टर या तरुण इंजिनियरची याच काळात मोठी मदत झाली. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. तेलातील उष्णतेचा २६.२ टक्के भाग या इंजिनाने कामी लावला होता. वाफेच्या इंजिनापेक्षा हे दुपटीहून अधिक होते.

डिझेल यांना छळणारे हे दोन शत्रू, म्हणजे काजळी आणि गळती, आजही प्रत्येक डिझेल इंजिनाच्या मागे लागलेले आहेत. म्हणूनच आपला उस्ताद आधी हवेची वाट तपासतो. नव्या गाड्यांत विषारी वायू कमी करण्यासाठी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतात. त्या धुराची काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन नळीत डांबरासारखा थर बसतो. रस्ता अरुंद होतो आणि इंजिन गुदमरते.

ही सफाई घरीसुद्धा करता येते, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि घाई न करता. इंजिन पूर्ण थंड हवे आणि बॅटरीची तार काढलेली हवी. कोणती नळी कोठली, याच्या खुणा खडूने कराव्यात. हवेचा फिल्टर, नळ्या आणि हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड काढला, की इंजिनाची उघडी तोंडे लगेच स्वच्छ फडक्यांनी बंद करावीत. एखादा नट आत पडला तर सगळे इंजिन खोलावे लागते. फडकी मोजून ठेवावीत, हेही सांगायला हवे. ती आत विसरणारे लोक असतात! काजळी लाकडी पट्टीने खरवडावी. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि त्याच ओरखड्यांतून पुढे हवा गळते. मग हे भाग विस्तवापासून दूर, मोकळ्या जागेत रॉकेलने धुवावेत आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. कोरडे करण्यात आळस चालत नाही. आत राहिलेले रॉकेल इंजिन हवेबरोबर ओढून घेते, तेच जाळते आणि बेफाम धावू लागते. अशा वेळी चावी फिरवूनही ते थांबत नाही.

परत जोडताना जुने गॅस्केट कितीही चांगले दिसले, तरी वापरू नये. नवे बसवावे. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर दुसरी बाजू उचलली जाते. फिल्टरच्या पुढच्या नळीत आतून धुळीची रेघ दिसली, तर तेथे फट आहे असे समजावे. ही धूळ सिलिंडर आणि रिंगा घासून काढते. मग हवा नीट दाबली जात नाही आणि इंजिन सुरू होईनासे होते. टर्बोच्या गाडीत नळीचे एक तोंड बंद करून दुसरीकडून अगदी थोडी हवा सोडतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावतात. सायकलचे पंक्चर शोधतो तसेच. बुडबुडे आले, की गळती सापडली. ऑग्सबुर्गच्या कारखान्यात याच फटींनी डिझेल यांची झोप उडवली होती.

चाचणीनंतर डिझेल यांचे नशीब पालटले. अमेरिकेतील हक्क दहा लाख मार्कांना विकले गेले. रशियातील हक्क नोबेल घराण्याने घेतले. म्युनिकमध्ये त्यांनी महालासारखे घर बांधले. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवण्यात आले. परंतु बाहेर विकलेली पहिली इंजिने वारंवार बंद पडत होती. ऑग्सबुर्गला निघालेल्या नव्या कारखान्याची इंजिने गिऱ्हाइकांनी परत पाठवली. इतर संशोधक पेटंटवरून भांडू लागले. या ओढाताणीत डिझेल यांची प्रकृती ढासळली. डोके असह्य दुखे. काही महिने त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. त्यातच जमिनींच्या व्यवहारात त्यांचा फार मोठा पैसा बुडाला. इंजिनातील बारीकशी फट शोधणाऱ्या या माणसाला आपल्या हिशेबातले भगदाड दिसले नाही, असे वाटते. किंवा दिसले असेल, आणि ते कोणाला दाखवण्याची हिंमत झाली नसेल.

इंजिन मात्र सुधारत गेले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर समुद्र ओलांडून गेले. पुढे हे इंजिन शेतापर्यंत पोचले. आपल्या पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील कितीतरी विहिरींवर तिची इंजिने पाणी उपसू लागली.

हे पाहायला डिझेल नव्हते. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जियममधील अँटवर्प येथून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. तेथे त्यांच्या इंजिनांचा नवा कारखाना उभा राहत होता. रात्री त्यांनी सोबत्यांबरोबर जेवण केले आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले दिसत नव्हते. त्यांची टोपी आणि कोट डेकवर सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी त्याच्या खिशातील चाकू, चष्म्याचे घर अशा वस्तू काढून घेतल्या आणि देह पाण्यातच सोडला. त्या वस्तू धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. कर्जाच्या काळजीने डिझेल यांनी स्वतःच जीव दिला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्या रात्री डेकवर काय घडले, ते कोणी पाहिले नव्हते.

त्यांच्या इंजिनावर चालणारी जहाजे तेव्हा युरोपच्या बंदरांत ये-जा करू लागली होती. ज्या ड्रेस्डेनवरून ते नाहीसे झाले, ती बोट वाफेवर चालत होती.