दात किडले तरच डॉक्टरची कमाई, मग या डेंटिस्टने दात किडूच नयेत म्हणून शाळा का काढली?

दाढ ठणकायला लागल्याशिवाय डेंटिस्टकडे जायचं नाही, हा बहुतेक घरांतला अलिखित नियम. मग आधी सिमेंट, नंतर रूट कॅनॉल, त्यावर कॅप असं करत बिल वाढत जातं आणि एक प्रश्न हमखास डोक्यात येतो. ज्याचं पोट किडलेल्या दातांवर चालतं, तो दात किडू नयेत म्हणून कशाला धडपडेल?

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डेंटिस्टने त्यावर उत्तर शोधलं होतं, आणि त्यापायी स्वतःच्याच पेशातल्या लोकांचा विरोध अंगावर घेतला होता. त्यांचं नाव डॉ. आल्फ्रेड फोन्स. 'डेंटल हायजिनिस्ट' या पेशाचे जनक म्हणून आज जगभर त्यांना ओळखलं जातं.

वडील डेंटिस्ट आणि शहराचे महापौरही

फोन्स यांचा जन्म १८६९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरातला. वडील सिव्हिलियन फोन्स नावाजलेले डेंटिस्ट होते आणि ब्रिजपोर्टचे महापौरही राहिले होते. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या डेंटल कॉलेजातून पदवी घेऊन आल्फ्रेड गावी परतले आणि वडिलांच्याच पेशात उतरले. चालू प्रॅक्टिस, शहरात नाव आणि ओळखी हे सगळं आयतं मिळालं होतं. तेच पुढे चालवलं असतं, तरी आयुष्य आरामात गेलं असतं.

त्या काळी डेंटिस्टचं काम म्हणजे किडलेला दात भरणं, नाहीतर उपटणं आणि शेवटी कवळी बसवणं. पैसेही त्याचेच मिळायचे. दात चांगला राहिला, तर त्याचं बिल कोण देणार?

याच दरम्यान फिलाडेल्फियातले डॉ. डी. डी. स्मिथ एक वेगळा विचार मांडत होते. पेशंटला ठरावीक दिवसांनी बोलवायचं, दातांवरचा थर काढून ते घासूनपुसून स्वच्छ करायचे आणि घरी काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं. फोन्स यांना हे पटलं. त्यांनी स्वतःच्या पेशंटवर ते सुरू केलं आणि फरक दिसू लागला.

पण इथेच गणित अडलं. दात साफ करण्यात वेळ फार जायचा, आणि तोच वेळ दात भरण्यात घातला तर कमाई जास्त. एकट्या डेंटिस्टने हे करायचं म्हटलं, तर ते मूठभर पैसेवाल्यांपुरतंच राहणार होतं.

असिस्टंटच्या हातात दिली अवजारं

मग फोन्स यांनी एक धाडस केलं. त्यांच्या दवाखान्यात आयरीन न्यूमन काम करायच्या. त्या नात्याने त्यांच्या कझिन. फोन्स यांनी त्यांना आधी काढलेल्या दातांवर सराव करायला लावला, आणि १९०६ पासून न्यूमन पेशंटचे दात साफ करू लागल्या.

डॉक्टर नसलेल्या बाईने पेशंटच्या तोंडात अवजार घालायचं, हे त्या काळी अनेक डेंटिस्टना मान्य नव्हतं. त्यांच्या भीतीत दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातून पेशंटचं नुकसान होईल, ही एक. ती रास्त होती. दुसरी म्हणजे उद्या याच बायका स्वतःचे दवाखाने थाटतील आणि धंद्यात वाटेकरी होतील. ओहायो राज्यात असाच एक कोर्स सुरू झाला होता, पण तिथल्या डेंटिस्टच्या विरोधामुळे तो बंद पडला.

फोन्स यांनी काम थांबवलं नाही. १९१३ मध्ये त्यांनी आपल्या दवाखान्याशेजारच्या बग्गीखान्यातच शाळा भरवली. येल, हार्वर्डसारख्या विद्यापीठांतले नामवंत प्राध्यापक तिथे शिकवायला आले. १९१४ मध्ये पहिल्या तुकडीतल्या २७ जणी पास झाल्या.

या कामाला नाव काय द्यायचं, हाही प्रश्न होता. 'डेंटल नर्स' हा शब्द फोन्स यांना नको होता, कारण नर्स म्हटलं की आजारपण आठवतं. हे काम आजार होऊ न देण्याचं होतं. म्हणून त्यांनी 'हायजिनिस्ट' हा शब्द निवडला.

खरा प्रयोग झाला शाळेत

ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचं शहर. कामगारांची, परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं सरकारी शाळांत शिकायची. दात दुखल्याशिवाय डेंटिस्टचं तोंड बघणं त्यांच्या आईवडिलांना परवडण्यासारखं नव्हतं.

फोन्स यांनी शहराच्या शिक्षण मंडळाला तयार केलं आणि १९१४ पासून हायजिनिस्ट थेट वर्गात पोचल्या. लहान इयत्तांतल्या मुलांचे दात तपासायचे, साफ करायचे, सगळ्या वर्गाकडून एकत्र ब्रश करून घ्यायचा, खाण्यापिण्याबद्दल सांगायचं आणि पालकांनाही समजवायचं, असा कार्यक्रम ठरला.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहज नजरेतून सुटते. या हायजिनिस्टना पगार शहराकडून मिळत होता. एखाद्या मुलाचे चार दात किडले म्हणून त्यांचा पगार वाढणार नव्हता आणि एकही किडला नाही म्हणून कमी होणार नव्हता. दात चांगले ठेवणं आणि पोट भरणं यातलं भांडणच मिटलं होतं.

पाच वर्षांनी आकडे मांडले, तेव्हा कार्यक्रमातल्या मुलांच्या दातांमधली कीड बरीच कमी झालेली दिसली. आजच्या संशोधनाच्या कसोट्या लावल्या तर त्या अभ्यासात त्रुटी निघतील. फ्लोराइडची टूथपेस्ट तेव्हा सर्रास वापरात नव्हती, आणि कीड रोखण्याचं मोठं श्रेय आज फ्लोराइडला दिलं जातं. तरीही दात किडायच्या आधी मुलांपर्यंत पोचायचं, ही पद्धत इथे प्रत्यक्षात चालवून दाखवली गेली.

कायद्याने विरोधाची धार बोथट केली

१९१५ मध्ये कनेक्टिकटने हायजिनिस्टसाठी कायदा केला. त्यांनी फक्त दातांवरचा थर आणि डाग काढायचे. दात भरायचे नाहीत, उपचार करायचे नाहीत. काम करायचं ते डेंटिस्टच्या दवाखान्यात किंवा शाळेसारख्या संस्थेत. त्यामुळे पेशंट सुरक्षित राहिला आणि डेंटिस्टचा धंदाही. १९१७ मध्ये पहिलं लायसन्स मिळालं ते आयरीन न्यूमन यांना.

फोन्स यांच्या शाळेतून तीन तुकड्या बाहेर पडल्या. तोवर विद्यापीठांत असे कोर्स सुरू झाले होते, म्हणून त्यांनी आपली शाळा थांबवली. १९३८ मध्ये फोन्स यांचं निधन झालं. पुढे ब्रिजपोर्ट विद्यापीठात त्यांच्या नावाने हायजिनिस्टची शाळा सुरू झाली.

आपला काय संबंध?

भारताच्या १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टनेही डेंटल हायजिनिस्टची वेगळी नोंदणी ठेवली. पण दात दाखवायला गेल्यावर हायजिनिस्ट भेटली, असं सांगणारा माणूस आपल्याकडे शोधावाच लागेल.

मात्र फोन्स कदाचित तुमच्या घरात आधीच आलेले असतील. दात एकावर एक मिटायचे आणि ब्रश गोल गोल फिरवायचा, असं लहान मुलांना शिकवतात ना? त्या पद्धतीचं नावच 'फोन्स मेथड' आहे.

फोन्स यांनी डेंटिस्टना पैशांचा मोह सोडा, असा उपदेश करण्यात वेळ घालवला नाही. दात वाचवण्याचाच पगार मिळेल, अशी नोकरी त्यांनी तयार केली. त्यामुळे पुढच्या वेळी डेंटिस्टच्या खुर्चीत बसाल, तेव्हा फक्त दुखणाऱ्या दाताबद्दल विचारू नका. बाकीचे दात किडू नयेत म्हणून काय करायचं, हेही विचारा. चांगला डेंटिस्ट त्याचं उत्तर आनंदाने देईल.