धर्मविजयी अशोक

जगांत अनेक धर्म उदयास आले. परंतु कांहीं आपल्या जन्मभूमींतच राहिले व कांहीं डोंगर-समुद्र ओलांडून दूरदेशीं गेले. असें कां व्हावें, याचा विचार करितांना सम्राट अशोकाचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें.

अशोक हा मौर्य वंशाचा तिसरा सम्राट. इ. स. पूर्वी २६८ च्या सुमारास तो पाटलिपुत्राच्या सिंहासनावर आला. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनीं त्यानें कलिंग देश जिंकला. त्या युद्धांत एक लक्ष माणसें मारलीं गेलीं, दीड लक्ष माणसें देशोधडीस लागलीं, व त्याहून कितीतरी अधिक पुढें मरण पावलीं. हे आंकडे कोणा शत्रूनें नव्हे, खुद्द अशोकानेंच आपल्या तेराव्या शिलालेखांत कोरविले आहेत. मात्र कलिंगांतील धौली व जौगड येथील शिळांवर हा लेख नाहीं. ज्यांचे आप्त मेले त्यांच्या डोळ्यांपुढें ती आठवण नको, असें त्यास वाटलें असावें, अशी आमची समजूत आहे.

पुढें या बौद्ध उपासकानें शस्त्राचा विजय सोडून धर्माचा विजय आरंभिला. मातापित्यांची सेवा, प्राणिमात्रांवर दया व सर्व पंथांचा आदर, हा त्याचा उपदेश. तो त्यानें पंडितांच्या संस्कृतांत न लिहवितां लोकांच्या प्राकृतांत लिहविला. कंदाहार येथें तर त्याचे लेख ग्रीक व अरमाईक भाषांत आहेत. आपल्या कोंकणांतील सोपारा या प्राचीन बंदरींही १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा सांपडला. सिंहली परंपरेप्रमाणें त्याचा पुत्र महेंद्र व कन्या संघमित्रा धर्मप्रसारार्थ सिंहलद्वीपास गेलीं, आणि महाधर्मरक्षित नांवाचा भिक्षु महाराष्ट्रांत आला.

तथापि केवळ राजाश्रयानें धर्म पसरत नाहीं. अशोकामागें सुमारें पन्नास वर्षांत मौर्यांचें राज्य लयास गेलें. बौद्ध धर्म मात्र पुढें चीन व जपानपर्यंत पोहोंचला. त्याच्या संघांत जातीची व देशाची अट नव्हती. भिक्षु व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जात, आणि ज्या देशीं जात तेथील भाषेंत ग्रंथ नेत. हिंदु धर्मही समुद्रापार गेला होता; कंबोडियांतील अंकोरवाट हें मुळांत विष्णूचें मंदिर, व बाली बेटांत तो आजही जिवंत आहे. परंतु जात, कुळ व तीर्थक्षेत्रें यांशीं तो निगडित असल्यामुळें परक्यास त्यांत प्रवेश सुलभ नव्हता. मात्र या बंधनांनींच त्यास खोल मुळें दिलीं. विहार उद्ध्वस्त होतांच उत्तर हिंदुस्थानांत बौद्ध धर्म क्षीण झाला. हिंदु धर्म घरोघरच्या देव्हाऱ्यांत टिकून राहिला. तरी बौद्ध धर्माचें दार उघडेंच होतें. १९५६ सालीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह त्याच दारानें प्रवेश केला.

विद्यार्थी मित्रहो, दुसऱ्याच्या धर्माची निंदा करणारा स्वतःच्याच धर्माची हानि करितो, असें अशोकानें बाराव्या लेखांत बजाविलें आहे. तलवारीनें त्यानें एक देश जिंकला, व त्याचा त्यास जन्मभर खेद वाटला. लोकांच्या भाषेंत सांगितलेला दयेचा उपदेश मात्र त्याच्या राज्याहून दूर गेला व त्याच्या राज्याहून अधिक काळ टिकला.