जुहूचे अडीच महिने

दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया झाली, की रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतो. ठाण्याच्या वर्तकनगरातील म्हाडा वसाहतीत काय किंवा शेजारच्या नव्या संकुलांत काय, यात आता कोणाला नवल वाटत नाही. पोटावर तीन-चार लहान छेद आणि त्यांवर चिकटपट्ट्या, एवढेच बाहेरून दिसते. जखम लहान म्हणून दुखणेही लहान, असा समज घरच्यांचा होतो आणि पुष्कळदा रुग्णाचाही होतो. मग आठवड्याच्या आत पाण्याच्या बादल्या उचलल्या जातात, भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते आणि बरे होणे हेही एक काम आहे, याचा विसर पडतो. हे काम किती कठीण असते, याचा मोठा दाखला महाराष्ट्राच्याच भूमीवर १९२४ साली घडला. रुग्ण होते महात्मा गांधी आणि दुखणे होते अपेंडिक्सचे.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या मोहनदास गांधींना शस्त्रक्रियेचा प्रश्न लहानपणीच घरात भेटला होता. वडील करमचंद यांना भगंदराचा विकार होता. मुंबईच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया सुचवली. पण या वयात ती नको, असे घरच्या वैद्यांचे मत पडले आणि बेत रहित झाला. वडिलांची शुश्रूषा मोहनदासकडे होती. जखम धुणे, औषध देणे, रात्री पाय चेपणे ही कामे तो शाळकरी मुलगा करी. १८८५ मध्ये वडील गेले. शस्त्रक्रिया झाली असती तर जखम सहज भरून आली असती, ही रुखरुख पुढे आत्मकथेत त्यांनी नोंदवून ठेवली आहे.

दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. एका धर्मादाय रुग्णालयात रोज तास-दोन तास ते औषधे देण्याचे काम करीत. बोअर युद्धात जखमींना वाहून नेणारे पथक त्यांनी उभारले. माती, पाणी आणि आहार यांवरचे प्रयोग तर अखंड चालू होते. तेथेच कस्तुरबांवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. प्रकृती इतकी क्षीण होती, की डॉक्टरांना ती क्लोरोफॉर्मशिवाय करावी लागली. शक्ती भरून येण्यासाठी गोमांसाचे सत्त्व दिले पाहिजे, असा डर्बनच्या डॉक्टरांचा आग्रह होता. कस्तुरबांनी ठाम नकार दिला. तेव्हा भर पावसात, झोळीत घालून त्यांना फिनिक्सच्या वसाहतीत घरी आणण्यात आले. पाण्याचे उपचार आणि घरची शुश्रूषा यांवर त्या हळूहळू सावरल्या.

या अनुभवांतून आधुनिक वैद्यकाविषयी गांधीजींचे मत कडवट झाले. १९०९ च्या हिंद स्वराज्यात त्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली. औषध मिळते म्हणून माणूस संयम सोडतो आणि दुखणे हे आपल्याच चुकीचे फळ आहे हे विसरतो, असा त्यांचा आक्षेप होता. मात्र देह कोणाच्याही सिद्धांताची भीड ठेवत नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांना आमांशाने गाठले. औषध नाकारून ते मरणाच्या दारापर्यंत गेले. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांच्याकडून लहानशी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. दूध न पिण्याच्या व्रतातून कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढून दिली, तेव्हा कोठे अंगात ताकद आली. तत्त्वाला मुरड घातल्याचा सल मात्र कायम राहिला.

१० मार्च १९२२ रोजी त्यांना साबरमतीला अटक झाली आणि राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा घेऊन ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात आले. सूतकताई, वाचन आणि लेखन यांत पावणेदोन वर्षे गेली. १९२४ च्या जानेवारीत पोटातील कळा असह्य झाल्या. निदान अपेंडिक्सचे होते. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याचा विचार होता, पण तेवढी उसंत नव्हती. कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यचिकित्सकाला त्याच रात्री शस्त्रक्रिया करणे भाग होते.

तो प्रसंग साऱ्या देशाच्या दृष्टीने नाजूक होता. इंग्रजांच्या कैदेत, इंग्रज डॉक्टरच्या सुरीखाली गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर हिंदुस्थानात काय उसळले असते, हे सरकार जाणून होते आणि रुग्णही जाणून होता. गांधीजींनी पुण्यातील श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले. शास्त्री राजकारणात त्यांच्या विरोधी मताचे होते. पण त्यांच्या सचोटीवर गांधीजींचा पूर्ण विश्वास होता. पुण्याचे डॉ. फाटकही तेथे होते. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, डॉक्टरांवर विश्वास आहे आणि परिणाम काहीही झाला तरी त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ होऊ नये, अशा आशयाचे निवेदन तयार झाले. त्यावर गांधीजींनी थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात पार पडला. ससूनमधील ती खोली पुढे स्मारक म्हणून जतन करण्यात आली.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण जखमेत पू झाला. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचायला त्याहून कितीतरी अधिक. त्या काळी पोटाच्या जखमेतील पू म्हणजे जिवाशी खेळच. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक १९०२ मध्ये याच विकारामुळे पुढे ढकलावा लागला होता. गांधीजींची जखम भरण्याची गती मंद राहिली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त मुक्त केले. या सुटकेचा त्यांना आनंद झाला नाही. कैद्याने आजारी पडून सुटावे, ही त्यांना लाजेची गोष्ट वाटली. ज्याने दुखण्याला आयुष्यभर नैतिक दोष मानले, त्याला अशा सुटकेत समाधान कसे वाटावे? तरीही कर्नल मॅडॉक आणि परिचारिका यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी मोकळेपणाने व्यक्त केली. हिंद स्वराज्याच्या लेखकाने आपल्या टीकेला दिलेले हे अबोल उत्तर होते.

सुमारे दोन महिने ससूनमध्ये काढून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते जुहूला आले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नरोत्तम मोरारजी यांचा समुद्रकाठचा बंगला त्यांना विश्रांतीसाठी मिळाला होता. तेव्हाचे जुहू म्हणजे माडांची बने आणि वाळूचा मोकळा किनारा. दीनबंधू अँड्र्यूज सोबतीला होते. आश्रमातील आणि स्नेह्यांच्या घरातील आणखी काही आजारी माणसेही तेथे आली आणि बंगल्याला लहानशा आरोग्यधामाचे रूप आले. स्वतः पुरते बरे न झालेले गांधीजी त्यांच्या पथ्यपाण्याची चौकशी करू लागले.

विश्रांतीचा खरा शत्रू जखम नव्हती, तर लोकांचे प्रेम हा होता. दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी हटेना. अखेर गांधीजींना जाहीर विनंती करावी लागली, की लोकांनी येणे टाळावे. भेटीसाठी त्यांनी संध्याकाळची वेळ ठरवून दिली. बोलण्याने शक्ती खर्च होते आणि ती शक्ती कामासाठी राखायची आहे, हे कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

अर्थात स्वतःही ते पथ्य त्यांनी कितीसे पाळले? एप्रिलच्या आरंभी त्यांनी यंग इंडिया आणि नवजीवन यांचे संपादन पुन्हा हाती घेतले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कायदेमंडळात जाण्याच्या प्रश्नावर वाद घालायला जुहूलाच आले. वाटाघाटी लांबल्या, मत जुळले नाही आणि मेमध्ये दोन्ही बाजूंनी आपापली निवेदने काढली. मेच्या अखेरीस गांधीजी साबरमतीला परतले. सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत एकवीस दिवसांचे उपोषण आणि डिसेंबरमध्ये बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्षपद, एवढा भार त्याच वर्षात त्या शरीराने पेलला.

जुहूने त्यांना पुन्हा एकदा आसरा दिला. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. मेमध्ये हिवतापाने खंगलेल्या गांधीजींची सुटका झाली आणि मोरारजी कुटुंबाच्या त्याच किनाऱ्यावर ते पुन्हा विसावले. या वेळी वय पंचाहत्तरीकडे झुकलेले होते आणि शुश्रूषा करणारा सर्वांत जुना हात सोबत नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली, तेव्हा ससूनच्या त्या रात्रीला चोवीस वर्षे उलटून गेली होती.

गांधीजींच्या पोटावर जो छेद घ्यावा लागला, त्याची गरज पुढे कमी होत गेली. जर्मनीतील कील येथे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० च्या सप्टेंबरमध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची टर उडवली होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये याच पद्धतीने पित्ताशय काढले आणि भारतात हे तंत्र रुजू लागले. ससूनमधील दोन महिन्यांच्या जागी आता एक-दोन दिवस पुरतात.

पण आतली जखम आपल्या गतीनेच भरते. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो. त्याला घाबरण्याचे कारण नसते. पहिल्या दिवसापासून घरात थोडे थोडे चालणे हिताचे, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. लिफ्ट नसेल तर जिना सावकाश चढावा. आठवडाभराने उपवन तलावापर्यंतचा फेरफटका चालेल, पण गॅसचा सिलिंडर किंवा भरलेली बादली उचलण्याला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत हात लावू नये. ताप, वाढत जाणारी वेदना, सतत उलट्या, छेदाभोवती लाली किंवा पू यांपैकी काही दिसले तर मात्र उद्यावर न ढकलता डॉक्टरांना गाठावे. १९२४ मध्ये त्या पुवावर थांबण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. आज तो आहे, पण वेळेवर गेले तरच.

आणि भेटायला येणाऱ्यांसाठी जुहूचा तो नियम आजही पुरेसा आहे. आधी विचारून, ठरल्या वेळी यावे आणि लवकर उठावे. रुग्णानेही हे सांगताना संकोच करू नये. साऱ्या देशाला आपल्या दारातून परत पाठवण्याचा संकोच गांधीजींनी केला नव्हता.