सूर्याकडे बघणारा कारकून

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी, ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी जुनी दुश्मनी! पण विषय बरेच दिवस डोक्यात होता आणि त्याला कारणं दोन. एक म्हणजे आपल्या हॉबी क्लबसाठी दुर्बीण घ्यायचं चाललं आहे आणि ती सूर्य बघायलाही चालली पाहिजे, असा सगळ्यांचा हट्ट आहे. दुसरं कारण माझे काका.

माझं गाव जवळा बाजार, जिल्हा हिंगोली. २४ ऑक्टोबर १९९५ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे ते खंडग्रास होतं. काका तेव्हा सोळा वर्षांचे. घरातल्यांची नजर चुकवून ते गच्चीवर गेले. कुणाची तरी मागून आणलेली दुर्बीण होती, तिच्या डोळ्याकडच्या बाजूला त्यांनी एक्स-रे फिल्मचा तुकडा लावला आणि उजव्या डोळ्याने सूर्य बघितला. दुखलं काहीच नाही. डोळ्यातल्या पडद्याला दुखणं कळतच नाही, हे मला नंतर समजलं. त्या दिवसापासून त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग आहे. आजही मोंढ्यात वजनाची पावती वाचताना ते मान थोडी वळवतात. आजीने यातून एकच धडा घेतला: ग्रहण बघूच नये. मला मात्र लहानपणापासून प्रश्न पडायचा, मग शास्त्रज्ञ कसं बघतात? त्याचं उत्तर शोधताना मला सर नॉर्मन लॉकियर भेटले.

आपल्या महाराष्ट्रात लॉकियर यांचं नाव विजयदुर्गामुळे माहीत आहे. १८६८ साली त्यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असं मीसुद्धा शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत ठोकून दिलं होतं आणि बक्षीसही घेतलं होतं! ते चूक होतं हे आज कबूल करते. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त भारी आहे.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नोकरी काय, तर लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी! दिवसभर फायली आणि रात्री आकाश, असा त्यांचा दिनक्रम. १८६२ च्या सुमारास त्यांनी सव्वासहा इंच भिंगाची कुक कंपनीची दुर्बीण घेतली. त्याच वर्षी तिच्यातून मंगळ बघून त्याची इतकी चांगली चित्रं काढली की जाणकारांनी दखल घेतली. मग हाच माणूस त्याच दुर्बिणीने सूर्याकडे वळला. दुर्बीण बदलली नाही, तिच्या मागे लावायचं यंत्र बदललं. त्यांनी तिला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे वर्णपटदर्शक जोडला आणि १८६६ मध्ये सूर्यावरच्या डागांचा अभ्यास केला.

तेव्हा एक मोठा प्रश्न होता. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लाल ज्वाला दिसायच्या, पण त्या काही मिनिटांपुरत्याच. एरवी आकाशाच्या उजेडात त्या बुडून जात. लॉकियर यांनी विचार केला, तो असा. आकाशाचा उजेड म्हणजे सगळ्या रंगांची सरमिसळ. प्रिझममधून तो जितका पसरवावा तितका फिका पडतो. पण ज्वाला म्हणजे तापलेला वायू, तो मोजक्याच रंगांत उजळतो. त्याच्या रेषा एकमेकींपासून लांब जातील, पण फिक्या पडणार नाहीत. म्हणजे प्रकाश पुरेसा पसरवला तर ग्रहण नसतानाही ज्वाला दिसायला हव्यात! सिग्नल आणि नॉईजचा हा धडा आपण आज सेमिस्टरला लिहितो, तो या कारकुनाने दीडशे वर्षांपूर्वी सूर्यावर लावला.

पण जास्त ताकदीचं यंत्र हवं होतं. सरकारी अनुदान मिळालं, ऑर्डर गेली, आणि यंत्र बनवायला उशीरच उशीर. (प्रोजेक्टचे पार्ट वेळेवर न मिळालेल्यांनी इथे एक सुस्कारा सोडावा.) तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण येऊन गेलं. ते विजयदुर्गावरूनही दिसणार होतं, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्यांना ज्वालांच्या रेषा दिसल्या. लॉकियर यांचं यंत्र आलं ऑक्टोबरच्या मध्यावर. २० ऑक्टोबरला त्यांनीही त्याच रेषा पकडल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. फ्रेंच सरकारने नंतर दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ, पण सोडियमची नव्हे. ५८७.६ नॅनोमीटर. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकियर म्हणाले की हे नवं मूलद्रव्य असलं पाहिजे, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. एक-दोन नव्हे, सत्तावीस वर्षं असंच चाललं. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना पृथ्वीवरच्या एका खनिजातून हा वायू मिळाला.

दरम्यान १८६९ मध्ये त्यांनी नेचर हे साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं त्याचं संपादन केलं. त्यांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. तारे उल्कांच्या थव्यांतून बनतात हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. ते खूप भांडखोर होते असंही म्हणतात. असो.

विजयदुर्गाला ते आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. युद्धनौकेवरच्या खलाशांना त्यांनी यंत्रं चालवायला शिकवलं आणि दोन मिनिटांच्या आसपासच्या काळोखासाठी किल्ल्यावर पुन्हा पुन्हा तालीम घेतली. किल्ल्यावर आजही साहेबाच्या नावाने ओटे दाखवतात. तेच ग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीही टिपलं. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी, तेव्हा आपल्या इंजिनिअर मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! लॉकियर १६ ऑगस्ट १९२० ला गेले. म्हातारपणीही त्यांनी सिडमथजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा उभी केली होती.

आता आपल्या दुर्बिणीचं. लॉकियर यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली, दुर्बीण एकच असली तरी चालते, जोडकाम बदलता आलं पाहिजे. म्हणून माझं मत ७० किंवा ८० मिलिमीटरच्या साध्या भिंगाच्या दुर्बिणीला. रात्री चंद्र, शनीची कडी, गुरूचे चंद्र. दिवसा पुढच्या तोंडावर सोलर फिल्टर लावला की सूर्यावरचे डाग. पुढे पैसे जमले तर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा संच घेता येईल. लॉकियर यांनी ज्या लाल रेषेत ज्वाला बघितल्या, तीच ही रेषा.

दुसरी गोष्ट, उजेड डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच आवरायचा. फिल्टर दुर्बिणीच्या पुढेच हवा, घट्ट बसलेला, भोक किंवा ओरखडा नसलेला. डोळ्याकडच्या बाजूला लावलेला फिल्टर भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो, आणि एक्स-रे फिल्म तर फिल्टरच नव्हे. शोधक दुर्बिणीवर टोपी हवी. गर्दी असेल तर पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडावी, पण दुर्बिणीजवळ एक जण कायम उभा पाहिजे. काकांनी बघितलं ही चूक नव्हती. फिल्टर चुकीचा होता आणि चुकीच्या टोकाला होता.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, पावसाळ्याच्या ढगांनी परवानगी दिली तर! मी तेव्हा दुर्बीण घेऊन जवळा बाजारला जायचं ठरवलं आहे. आजी देवघरात बसेल, ते ठीकच आहे. काकांना विचारलं. त्यांनी आधी फिल्टर कुठल्या टोकाला लावणार ते विचारलं, मग डाव्या डोळ्याने बघेन म्हणाले.

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. फिल्टरच्या बाबतीत मात्र चूक नको!